गोगलगाय ओली की सुकी

समुद्रातली गोगलगाय बघायला मी इंदूरला जाऊन आले, असं सांगितलं की आमच्या रत्नागिरीतले लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या भाचीकडे, बाईंची तब्येत बरी आहे ना, अशा अर्थाने. त्यांचं चुकत नाही. माझ्या घरापासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि इंदूरहून कुठल्याही दिशेने निघालात तरी समुद्र गाठायला गाडीत एक झोप काढावी लागते. तरीही ज्या गोगलगाईला अजून नाव नाही, तिचे जगात उरलेले तीन देह परदेशीपुऱ्यातल्या एका घरात, फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे होते. मला जाणं भाग होतं.

गोगलगाय कोण, ते आधी सांगायला हवं. मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आयुष्यभर मुलांना झुरळं कापायला लावली, पण माझा जीव जडला तो शंखांवर, आणि त्यातही ज्यांच्याकडे कोणी बघत नाही अशा बारक्या शंखांवर. ही माझी गोगलगाय तांदळाच्या दाण्याएवढी. शंख निमुळता, टोकदार, सहा वेटोळ्यांचा. प्रत्येक वेटोळ्यावर दोऱ्याइतक्या बारीक रेघा, आणि शेवटच्या मोठ्या वेटोळ्यावर तपकिरी ठिपक्यांची एकच ओळ, कोणीतरी काजळाच्या काडीने मोजूनमापून दिल्यासारखी. तोंड अंड्याच्या आकाराचं, आणि त्यावर मधाच्या रंगाचं, नखाच्या पापुद्र्याइतकं पातळ झाकण. गोगलगाय आत शिरली की झाकण लावून घेते आणि मग जगाशी संबंध ठेवत नाही. हा स्वभाव मला फार पटतो.

आमच्या गावाखालच्या खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, एक डबकं होतं. तिथेच ही सापडायची, दुसरीकडे कुठेही नाही. आता तिथे बोटींचा धक्का झाला आहे. डबकं काँक्रीटखाली गेलं ते मला कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. माझ्याकडे तिचे रिकामे शंख होते, भरपूर. पण शंख म्हणजे नुसतं घर. दोन वेगळ्या कुळांतल्या गोगलगाई हुबेहूब सारखी घरं बांधतात, त्यामुळे घरावरून कुळ सांगता येत नाही. त्यासाठी आत राहणारी बघावी लागते: शिंगं, डोळे, कल्ला, आणि सगळ्यांत महत्त्वाचे दात. हो, गोगलगाईला दात असतात. जिभेवर, ओळीने, खरवडायला. ते पाहिल्याशिवाय, नाव देण्यासाठी छापावं लागतं ते माझं वर्णन अर्धं होतं आणि गोगलगाय बेवारस.

देहासकट जपलेल्या तीन गोगलगाई होत्या त्या शिरीषकडे. शिरीष माझा जुना विद्यार्थी. शेवटच्या फेरीला तो माझ्याबरोबर होता आणि "मॅडम, मी नीट कापून, चित्रं काढून पाठवतो," असं म्हणून स्पिरिटची बाटली घेऊन गेला. पुढे त्याला इंदूरची बायको मिळाली, तिच्याबरोबर सासुरवाडीच मिळाली, आणि तिथल्या भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासात नोकरी मिळाली. चित्रं काही आली नाहीत. धक्क्याची बातमी कळल्यावर मी त्याला फोन केला. "बाटली फ्रिजमध्ये सेफ आहे मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही येताय, हे मी आईंना सांगून ठेवतो."

हे सांगून ठेवणंच भोवलं.

परदेशीपुरा, सकाळ

स्टेशनवरून घरी येताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती रस्त्यांची स्वच्छता. आमच्याकडे केळं खाल्लं की साल माडाच्या बुंध्याशी टाकतात आणि ते खत आहे असं म्हणतात. इथे रिक्षावाल्याने शेंगा खाऊन टरफलं स्वतःच्या खिशात ठेवली. मी त्याचं कौतुक केलं तर तो म्हणाला, "बाईजी, अपना इंदौर है," आणि हे सगळं स्पष्टीकरण आहे अशा थाटात पुढे बघू लागला.

शिरीषच्या सासूबाई, कुसुमताई, दारातच उभ्या होत्या. त्यांचे सासरे गिरणीत कारकून म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. त्या स्वतः शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणजे माझ्याच जातकुळीच्या. उंच, ताठ, आणि खांद्यावर फडकं. गल्लीच्या स्वच्छता समितीच्या त्या अध्यक्ष आहेत, हे मला चपला काढायच्या आत कळलं. त्यांची मुलगी, शिरीषची बायको, ऑफिसच्या कामाने पुण्याला गेली होती. घरात आम्ही तिघंच.

"या या बाईजी. पहले पोहे खा, मग बाकी सगळं."

इंदुरी पोहे आपल्या पोह्यांचे चुलतभाऊ आहेत, पण श्रीमंत घरी दत्तक गेलेले. आपण वर ओलं खोबरं घालतो. ते शेव घालतात, वर कांदा, वर जीरावण नावाचा आंबट-तिखट मसाला, फोडणीत बडीशेप, आणि बाजूला गरम जिलबी. जिलबी पोह्यांबरोबर खायची असते. मी दुसरी जिलबी उचलली, बोटं चाटली आणि म्हटलं, "शिरीष, बाटली आण बाबा. मला धीर नाही."

शिरीष आत गेला. बराच वेळ आला नाही. मग फ्रिज उघडल्याचा आणि बरण्या सरकवल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात बाटली होती. ती लखलखत होती. आरपार दिसत होतं, आणि आरपार शिरीषचा चेहरा दिसत होता, पांढराफटक.

"आई," तो म्हणाला, "ह्यात होतं ते?"

कुसुमताई उजळल्या. "अरे, पाहुण्या येणार म्हणून मी कालच पूरा फ्रिज साफ केला. ही बाटली तर क्या बताऊं बाईजी, ढक्कन उघडलं तर इतकी बदबू! गरम पाण्याने दोनदा खळखळून धुतली. चकाचक."

"आणि गोगलगाई?" माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

"त्या पण केल्या ना मी. बराबर केल्या." त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, धडा समजावून सांगावा तशा. "आमच्याकडे गीला आणि सूखा कचरा एका डब्यात नाही चालत. आता गोगलगाय अख्खी कशात टाकणार? मग मी गरम पाण्यात ठेवल्या, टाचणी घेतली, हळूहळू एकेक ओढून काढली. शंख सूखा. आतलं गीला. मतलब, अलग-अलग."

मी येणार म्हणून ह्या बाईने मी जे बघायला आले तेच साफ केलं होतं. मला इतका संताप आला की मी तिसरी जिलबी खाल्ली. नंतर लक्षात आलं की टाचणीने अख्खा देह शंखातून ओढून काढणं हे काम मला स्वतःला दहातून तीनदा जमतं. बहुतेक वेळा शंख फोडावा लागतो. पण हे त्या वेळी त्यांना सांगण्याइतकी मी मोठ्या मनाची नव्हते.

"कुठे आहे ते गीलं?"

"हिरव्या बादलीत. आता गाडी येईलच."

आणि गाडी आली. इंदूरमध्ये कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, आणि ते गाणं ऐकताच सगळी गल्ली एकदम दारात येते, जशी आमच्याकडे कोळीण आली की येते. मी उठेपर्यंत कुसुमताई सवयीने दोन्ही बादल्या घेऊन बाहेर गेल्याही होत्या. अध्यक्षबाईंना उशीर चालत नसावा.

गाडीपाशी

मी अनवाणी धावले. माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरने हे वाचू नये. "थांबा! ओतू नका!" असं मी ओरडले ते शुद्ध रत्नागिरी मराठीत, आणि गाडीवरचा भिया (इंदूरमध्ये भैयाला भिया म्हणतात, आणि सगळे सगळ्यांना म्हणतात) गोंधळून थांबला तोवर हिरवी बादली अर्धी गाडीत गेली होती. अर्धी त्याच्या हातात होती.

"ती बादली परत द्या," मी म्हणाले. "आणि गाडीत गेलेलंही काढून द्या. त्यात माझी गोगलगाय आहे."

"जिंदा?" भियाने विचारलं.

"नाही. मेलेली. बरीच वर्षं मेलेली."

"तो फिर?"

शिरीषने मध्ये पडून हिंदीत सगळं समजावलं: समुद्र, डबकं, धक्का, स्पिरिट. भियाने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "देखो भिया, बादली में जो है वो आपका. गाड़ी में जो गिर गया वो शहर का. निकाल के नहीं दूंगा. नियम है."

"कोणाचा नियम?" मी तडकले.

भियाने कुसुमताईंकडे बोट दाखवलं. गल्लीतल्या एका बाईंनी मागे एकदा गाडीत टाकलेली चप्पल परत मागितली होती. रोजचा हा खेळ होऊ नये म्हणून, एकदा टाकलं की टाकलं, हा ठराव समितीने केला होता. सही अध्यक्षबाईंची. कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला क्षणभर त्यांची दया आली. मग त्या मान खाली घालून म्हणाल्या, "नियम तर आहे बाईजी."

एव्हाना गल्ली जमली होती, आणि मूळ प्रश्न बाजूला राहून वेगळीच चर्चा सुरू झाली. गोगलगाय नक्की कुठल्या कप्प्यात जायला हवी होती?

"जीव है ना, तो गीला," एक बाई म्हणाल्या.

"अहो पण शंख? शंख तर सूखा आहे."

"और स्पिरिट में था तो खतरनाक वाले में जाएगा," भिया म्हणाला. त्याच्या गाडीला त्यासाठीही एक कप्पा होता. तो विचारात पडला. "मतलब एक जानवर, तीन डब्बे."

"मी तेच तर केलं!" कुसुमताई एकदम उसळल्या. "शंख सूख्यात, आतलं गील्यात, स्पिरिट धोक्यात!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी, जिने आयुष्यभर गोगलगाईचे भाग कसे वेगळे करायचे ते शिकवलं, भर रस्त्यात अनवाणी उभी राहून हे ऐकत होते, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही ह्यात चूक काढता येत नव्हती.

"शंख तरी?" मी विचारलं.

कुसुमताईंनी खांद्यावरचं फडकं नीट केलं. "टाकले," त्या म्हणाल्या. "सूखे होते ना."

गाडी गाणं वाजवत पुढे गेली. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी बादलीवर वाकले.

ओट्यावर

बादलीत अर्धं राहिलं होतं. भाजीची देठं, चहाचा चोथा, कालचे उरलेले पोहे, जिलबीचे तुकडे. ओट्यावर वर्तमानपत्रं पसरली. मला वाटलं होतं मी आणि शिरीष बसू. पण गल्लीतल्या चार बायका आपापली ताटं घेऊन आल्या आणि मांडी घालून बसल्या. डाळ निवडायला बसतात तशा. ह्या बाबतीत इंदूर आणि रत्नागिरी अगदी एक आहेत: निवडायचं काही असलं की बाई विचारत नाही काय आहे, ती बसते.

"क्या ढूंढना है, वो सांगा," एकीने विचारलं.

मी सांगितलं. "मोहरीपेक्षा मोठं, जिऱ्यापेक्षा लहान. पिवळट. शेपटीकडे गुंडाळलेलं. एका बाजूला मधाच्या रंगाचं चकाकणारं झाकण. नीट पाहिलंत तर दोन काळे ठिपके, ते डोळे."

पुढचा सगळा वेळ हा संवाद चालला:

"बाईजी, हे?"

"बडीशेप."

"आणि हे? ह्याला तर डोळा पण आहे."

"मोहरी चिकटली आहे शेवेला."

इंदूरच्या पोह्यांत बडीशेप किती असते ह्याचा अंदाज मला तोवर नव्हता. प्रत्येक दाणा मी भिंगाखाली धरत होते. शिरीषला प्रत्येक तुकडा गोगलगाय वाटत होता, कारण त्याला तिचं फक्त उत्तर माहीत होतं. कोचिंगमध्ये ती एका मार्काची आहे. "मॅडम, आम्ही मुलांना सांगतो, मॉलस्का, ऑप्शन सी," तो पुटपुटला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

कुसुमताई मात्र दारातच उभ्या होत्या, फडकं हातात पिळत. अध्यक्ष कचरा चिवडायला बसली तर समितीला काय तोंड दाखवणार, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं. मग त्यांनी फडकं दाराच्या कडीला अडकवलं, माझ्या शेजारी बसल्या आणि पाकाने चिकटलेले जिलबीचे तुकडे आपल्याकडे ओढले. "हे मला द्या. माझ्या हातचं आहे, मीच ओळखीन."

आणि त्यांनीच ओळखलं. जिलबीच्या एका वळणाला चिकटलेलं.

"ही. ही तीच," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत जिद्दी होती. निघतच नव्हती. शेवटी टोक तुटलं माझ्याकडून."

भिंगाखाली झाकण चमकलं. दोन काळे डोळे. मांसल पाय. मागे दोन-अडीच वेढे, आणि मग अचानक तुटलेलं. शेवटचं टोक नव्हतं. पण बाकी सगळी होती. मी ओरडले ते काय ओरडले मला आठवत नाही, पण समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली घेतलं.

बाकीच्या दोघी सापडल्या नाहीत. त्या शहराच्या झाल्या.

कुसुमताईंकडे सॅनिटायझरच्या इतक्या बाटल्या होत्या की एखादं इस्पितळ चालावं. त्यातल्या एकीतलं थोडं बशीत घेऊन मी पाक धुतला आणि गोगलगाय त्यात ठेवली. पण कचऱ्यात एक रात्र काढलेला देह सैल पडत चालला होता. रत्नागिरीपर्यंत तो टिकेल असं मला वाटेना. आजच बघायला हवं होतं.

"क्लासमध्ये मायक्रोस्कोप असेल ना?" मी शिरीषला विचारलं.

"आहे मॅडम. म्हणजे, चित्र आहे. भिंतीवर. सगळे भाग लेबल केलेलं."

कुसुमताईंनी पदर खोचला. "चला सराफ्यात."

सराफा, भर दुपारी

मला इंदूरमध्ये जो भेटला त्याने सांगितलं, बाईजी, सराफा रात्री बघायचा. रात्री सराफांची दुकानं बंद होतात आणि त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात: भुट्ट्याचा कीस, दहीवडे, काय काय. मी नऊला झोपते, त्यामुळे तो सराफा तुम्ही स्वतः जाऊन बघा. मी पाहिला तो दिवसाचा, सोन्याचा. राजवाड्यापासून चालत गेलो. कुसुमताई पुढे, त्यांच्या हातात दागिन्याची मखमली डबी, आणि डबीत सॅनिटायझरमध्ये बुडवलेली बाटलीच्या झाकणातली गोगलगाय. मागून शिरीष. त्याच्या पिशवीत पांढरे कपडे धुवायच्या ब्लीचची बाटली. ती मी मागून घेतली होती, आणि कशाला ते कोणाला सांगितलं नव्हतं.

नंदूसेठ कुसुमताईंच्या माहेरापासूनचे सराफ. त्यांच्याकडे हिरे तपासायचा मायक्रोस्कोप आहे. दुकानात एका लग्नाघरची मंडळी गादीवर बसून बांगड्या बघत होती. नंदूसेठनी मखमली डबी बघून हात पुढे केला, उघडली, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कुसुमबेन, ये क्या लाए?"

"समंदर का है," कुसुमताई म्हणाल्या. "एक ही बचा है दुनिया में."

हे शेवटचं वाक्य सराफ्यात बोलायला नको होतं. नंदूसेठ एकदम सावरून बसले. काट्यावर ठेवायची परवानगी मागितली. मी काही म्हणायच्या आत चिमट्याने उचलून ठेवलीही. काट्याने काहीच दाखवलं नाही. "वजन ही नहीं आ रहा," ते आदराने म्हणाले, आणि मग हळूच विचारलं, "शंख इसका दक्षिणावर्ती था क्या?"

मी सांगितलं की नव्हता, साधाच होता. शिवाय ते ज्याला दक्षिणावर्ती म्हणतात त्याला आमचं शास्त्र डावा म्हणतं. नंदूसेठनी ह्याचा बराच विचार केला आणि माझ्या शास्त्राबद्दल त्यांचं मत खाली आल्याचं स्पष्ट दिसलं. पण मायक्रोस्कोप त्यांनी दिला.

दागिने ज्यावर ठेवतात त्या गुलाबी कागदाच्या पाठीवर मी चित्र काढायला लागले. आणि इतक्या दिवसांनी ती मला दिसली. रुंद, पुढे दोन टोकं आलेला पाय. आखडलेली दोन शिंगं, त्यांच्या बुडाशी डोळे. मधे सोंडेसारखं तोंड. मानेवर प्रावरणाची, म्हणजे अंगावरच्या पातळ पडद्याची, घडी, तिच्याखाली कल्ला, कंगव्याच्या दातांसारखा. आणि उजव्या शिंगामागे एक लहानसा, आत वळवून ठेवलेला अवयव.

"नर आहे!" मी मोठ्याने म्हणाले.

लग्नाघरच्या आजी उठून आल्या. "लड़का है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं हो. कशावरून, असं विचारल्यावर मी दाखवलं कशावरून. आजींनी भिंगातून नीट, वेळ घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "हओ, है तो," आणि जाऊन पुन्हा बांगड्या बघायला बसल्या. शिरीष छताचा पंखा बघत होता.

आता दात. मी डोकं नाजूक सुरीने वेगळं केलं आणि काचपट्टीवर ठेवलं. मग शिरीषकडून ब्लीच मागितलं.

कुसुमताईंना कळायला वेळ लागला नाही. ब्लीच काय करतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी माझा हात धरला. "बाईजी, हे तर सगळं खाऊन टाकेल."

"हो. मांस विरघळून जाईल. दात उरतील."

"इतकी मुश्किल से सापडली. आणि तुम्ही तिचं डोकं...?"

"दात बघितल्याशिवाय ती कोण ते कळणार नाही."

"आणि दात नाही मिळाले तर?"

सकाळी ह्याच बाईवर मी मनातल्या मनात किती ताशेरे ओढले होते, आणि आता जगातलं शेवटचं डोकं मी स्वतः विरघळवायला निघाले होते. कुसुमताईंनी माझा हात सोडला, बाटली स्वतः उघडली, आणि झाकणातून एक थेंब ओतला. "मी टाकते. साफ करायचं काम माझं. वाईट झालं तर माझ्यावर ढकला."

नंदूसेठनी चहा मागवला. चहा येईपर्यंत डोकं धूसर झालं, संपेपर्यंत नाहीसं झालं. थेंबात काहीच उरलं नाही असं वाटलं. लग्नाघरचे लोकसुद्धा बांगड्या सोडून बघत होते. मी पाण्याने हलकेच धुतलं, काच भिंगाखाली धरली, आणि तिथे एक फीत होती. केसाहून बारीक, पारदर्शक, आणि तिच्यावर ओळीच्या ओळी दात. मधे एक, दोन्ही बाजूंना तीन-तीन. प्रत्येक ओळीत सात. आकार पुढे रत्नागिरीला मोठ्या मायक्रोस्कोपखाली नीट पाहिले, पण ओळीत सात आहेत आणि मधला दात रुंद, करवतीच्या कडेचा आहे, एवढं तिथेच दिसलं. तिचं कुळ कळलं. मला ज्या कुळाचा संशय होता ते ते नव्हतंच. वर्षानुवर्षं मी तिला चुकीच्या घरात बसवत होते.

नंदूसेठनी भिंगातून पाहिलं आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. "बेन," शेवटी ते म्हणाले, "इसकी डिज़ाइन में हार बहुत सुंदर बनेगा. सात लड़ी." त्यांनी कागद ओढून घेतला आणि काढायला लागले. लग्नाघरच्या आजींनी विचारलं, किती तोळ्यांत होईल.

स्टेशनवर

दुसऱ्या दिवशी मी निघाले. पिशवीत काचपट्टी, गुलाबी कागदावरची चित्रं, आणि उरलेला देह छोट्या कुपीत. आनंद होता, पण एक सल होता. वर्णनाला एक अख्खा नमुना लागतो: ह्याच देहाचा हाच शंख. माझ्याकडे घरी शंख होते, पण ह्या जिद्दी नराचा नव्हता. तो इंदूरच्या सुक्या कचऱ्यात होता. हे मी कुसुमताईंना बोलून दाखवलं नाही. त्यांनी आदल्या रात्री पुरणपोळ्या केल्या होत्या आणि जेवताना एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नव्हतं.

फलाटावर त्यांनी शिरीषला पाण्याची बाटली आणायला पिटाळलं. माझ्याकडे पाणी होतं. तो नजरेआड झाल्यावर त्यांनी पर्समधून कुंकवाचा चांदीचा करंडा काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"कोणाला सांगू नका हं बाईजी. समितीत तर बिल्कुल नाही."

करंड्यात कापूस होता. कापसावर तीन शंख. तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळी.

"सूख्यात टाकायला गेले," त्या खाली बघत म्हणाल्या. "पण हातात घेतले तर... कोणी इतकं बारीक काम केलं, आणि मी टाकू? देवघरात ठेवून दिले. काल सकाळी सगळ्यांसमोर विचारलंत तर कसं सांगू? अध्यक्ष म्हणते आणि स्वतःच्या घरात कचरा ठेवते." त्यांचे डोळे भरले होते. "मी झूठ बोलले."

मी भिंग काढलं. एक शंख उजेडासमोर धरला, आरपार रिकामा. दुसरा, रिकामा. तिसऱ्याच्या टोकाशी, सगळ्यांत वरच्या वेटोळ्यात, काहीतरी गडद होतं.

"कुसुमताई, बघा."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "काय आहे?"

"टोक. तुमच्याकडून तुटलेलं. आतच राहिलं होतं. हा त्याचाच शंख आहे."

माझ्या मनात नमुना पुरा झाला होता आणि मला फलाटावर नाचावंसं वाटत होतं. पण कुसुमताईंच्या चेहऱ्यावर भलतीच भीती पसरली.

"म्हणजे गीला राहिलंच आत? मी सूखा म्हणून... बाईजी, मग हे आहे काय? गीला की सूखा?"

गाडीने शिट्टी दिली. मी करंडा बंद केला आणि त्यांच्या दोन्ही हातांसकट घट्ट धरला.

"ही अख्खी आहे, कुसुमताई."

त्यांनी ह्याचा विचार केला. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मागे वळून माझ्या खिडकीची काचसुद्धा बाहेरून पुसली.

"मग ठीक," त्या म्हणाल्या. "अख्ख्याचा डब्बा तर आमच्या गाडीत नाहीच आहे."